रायनरची 'शेहेरझाद' कोणती घ्यावी : साठ वर्षांपूर्वीची मूळ प्रत की नवा रीइश्यू?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. घरी नवे टर्नटेबल आले आहे. वर्षाला तीस-पस्तीस हजार रुपये रेकॉर्डवर खर्च करायची तयारी आहे. पाश्चात्य ऑर्केस्ट्राची १९५० ते १९७० या काळातली नावाजलेली ध्वनिमुद्रणे जमवायची आहेत, आणि वाद्यवृंदसंचालक फ्रिट्झ रायनरची 'शेहेरझाद' (रिम्स्की-कोर्साकोव्हची रचना) व चेलोवादक जॅकलिन दु प्रेची एल्गार चेलो कॉन्चेर्तो या दोन रेकॉर्ड तुम्हाला पहिल्यांदा हव्या आहेत. मूळ प्रतींच्या किमती पाहून छाती दडपते. नव्या प्रतींवर '१८० ग्रॅम', 'एएए', 'हाफ-स्पीड' असे स्टिकर असतात, पण मोबाईल फिडेलिटी या रीइश्यू काढणाऱ्या कंपनीचे प्रकरण वाचल्यापासून त्यांवर विश्वास बसत नाही. त्यात तुम्ही घेतलेल्या एका रीइश्यूची प्रत्येक बाजू संपत आली की व्हायोलिन करकरतात. त्यामुळे रीइश्यू मुळातच निकृष्ट असतात का, असे तुम्ही विचारले आहे.

टर्नटेबल बसवून देणे आणि लोकांच्या जुन्या रेकॉर्डचे डिजिटायझेशन करणे हे माझे काम. त्यामुळे एकाच ध्वनिमुद्रणाच्या तीन-चार आवृत्त्या शेजारीशेजारी ठेवून ऐकायची संधी मला वरचेवर मिळते. त्या अनुभवावरून सांगतो की 'मूळ की नवी' या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही, पण प्रत्येक रेकॉर्डपुरते उत्तर बहुतेक वेळा मिळते. त्यासाठी चार गोष्टी वेगळ्या करून पाहाव्या लागतात : टेप कोणती वापरली, कटिंग कोणी आणि कसे केले, प्रेसिंग कसे झाले, आणि तुमची पिन ती खाच कशी वाचते. तुमच्या तक्रारीचा संबंध बहुधा चौथ्या गोष्टीशी आहे. त्याकडे शेवटी येतो.

आधी रीइश्यू म्हणजे नेमके काय ते पाहू. मूळ ध्वनिमुद्रण टेपवर असते. ती टेप वाजवत कटिंग लेथवर लॅकरमध्ये खाच कोरतात. लॅकर म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा लेप दिलेली अ‍ॅल्युमिनियमची चकती. तिच्यावर चांदीचा पातळ थर देऊन निकेलचे साचे काढतात, आणि शेवटच्या साच्याने, म्हणजे स्टॅम्परने, गरम व्हिनाइल दाबून रेकॉर्ड तयार होते. हेच प्रेसिंग. कटिंग करणारा इंजिनिअर दर वेळी नवे निर्णय घेत असतो. खर्ज किती ठेवायचा, पातळी किती चढवायची, दोन खाचांत अंतर किती सोडायचे, हे सगळे त्याच्या हातात असते. एकच बंदिश दोन गायकांनी मांडावी, तशा १९६० ची प्रत आणि २०१३ नंतरची प्रत या एकाच टेपच्या दोन मांडण्या असतात. मूळ प्रत आधीची आहे एवढ्यावरून ती टेपच्या जास्त जवळची ठरत नाही.

अमेरिकेच्या आरसीए कंपनीच्या 'लिव्हिंग स्टिरिओ' मालिकेत हे फार स्पष्ट ऐकू येते. रायनर आणि शिकागो सिम्फनी यांनी रिचर्ड स्ट्राउसचे 'झरथुस्त्र' मार्च १९५४ मध्ये शिकागोच्या ऑर्केस्ट्रा हॉलमध्ये स्टिरिओत ध्वनिमुद्रित केले. स्टिरिओ एलपी बाजारात आल्या १९५८ मध्ये. म्हणजे टेप तयार होती आणि ती ज्यावर उतरवायची ते माध्यमच अजून जन्माला यायचे होते! एलपी आल्यावरही घरोघरचे रेकॉर्ड प्लेअर साधे होते. आर्म (पिन धरणारा दांडा) जड, कार्ट्रिज (पिन बसवलेला भाग) स्वस्त. बास ड्रमचा जोरकस ठोका पूर्ण ताकदीने कोरला तर पिन खाचेतून उडायची आणि गिऱ्हाईक रेकॉर्ड परत आणून द्यायचे. म्हणून कंपन्या खर्ज थोडा कापत आणि उंच शिखरे दाबत. १९६३ मध्ये आरसीएने 'डायनाग्रूव्ह' आणले. त्यात साध्या प्लेअरच्या उणिवा भरून काढण्यासाठी सिग्नलमध्येच मुद्दाम फेरफार केला जाई. जाणते संग्राहक त्या काळातली प्रेसिंग टाळतात ती याच कारणाने.

आता उलट बाजू. रायनरची 'शेहेरझाद' १९६० ची. क्लासिक रेकॉर्ड्स या कंपनीने १९९४ पासून कटिंग इंजिनिअर बर्नी ग्रंडमन यांच्याकडून लिव्हिंग स्टिरिओच्या टेप पुन्हा कट करून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा ती टेप तीन दशकांची झाली होती. अ‍ॅनालॉग प्रॉडक्शन्सने २०१३ पासून स्टर्लिंग साउंडमध्ये रायन स्मिथ यांच्याकडून याच खजिन्याचे कटिंग करून घेतले आणि कॅन्ससमधील सलायना गावी स्वतःच्या कारखान्यात रेकॉर्ड दाबल्या, तेव्हा टेपने पन्नाशी ओलांडली होती. टेप म्हातारी होते. वारंवार वाजवल्याने वरच्या पट्टीतले बारीक तेज घासले जाते, कुठे चुंबकीय थराचा कण निघून जातो आणि क्षणभर आवाज खचतो. ताज्या टेपवरून कट झालेल्या मूळ प्रतीत व्हायोलिनच्या आवाजाभोवती जी मोकळी हवा जाणवते, ती नव्या प्रतीत किंचित कमी भासू शकते. त्या बदल्यात नव्या प्रतीत डबल बास आणि बास ड्रमला खरी जमीन मिळते, पार्श्वभूमी शांत असते आणि वाद्यांचे थर सुटे दिसतात. 'शेहेरझाद'मधल्या एकल व्हायोलिनच्या मागे हार्प वाजते तिथे कान द्या, फरक लगेच कळेल. माझी निवड नवी प्रत. मूळ 'शेडेड डॉग' लेबलची (आरसीएचे सुरुवातीचे लेबल) न घासलेली प्रत हाती आली तर ती थोर अनुभव देते, पण तशी प्रत दुर्मिळ, आणि परदेशातून न ऐकता मागवायची तर तो जुगार आहे.

डेक्का या ब्रिटिश कंपनीबाबत मात्र मी वेगळे सांगेन. लंडनचे किंग्जवे हॉल, जिनिव्हाचे व्हिक्टोरिया हॉल, व्हिएन्नाचे सोफिएनझाल या वास्तू आणि केनेथ विल्किन्सन यांच्यासारखे ध्वनिमुद्रक ही डेक्काची श्रीमंती. वाद्यवृंदसंचालकाच्या डोक्यावर 'डेक्का ट्री' म्हणून ओळखली जाणारी तीन मायक्रोफोनची मांडणी असे. डेक्काने कटिंगही तितक्याच निगुतीने केले. त्यामुळे त्यांच्या एसएक्सएल मालिकेच्या जुन्या प्रती आजच्या रीइश्यूपुढे ताठ उभ्या राहतात. इथे एक व्यवहाराची गोष्ट लक्षात ठेवा. सर्वांत पहिल्या, रुंद पट्ट्याच्या लेबलच्या प्रतींना भरमसाठ किंमत पडते, पण नंतरच्या अरुंद पट्ट्याच्या लेबलवरही अनेकदा तेच कटिंग असते. लेबलजवळच्या कोऱ्या भागात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक जुळला तर खाच तीच. त्याच्या शेवटचे अक्षर कटिंग करणाऱ्या इंजिनिअरची खूण असते. अमेरिकेत 'लंडन' लेबलखाली विकल्या गेलेल्या अनेक प्रतीसुद्धा इंग्लंडमध्येच दाबलेल्या आहेत. नाव वेगळे असल्याने त्या बऱ्याच स्वस्त मिळतात, आणि मला त्या मनापासून आवडतात.

आपल्या मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकबरोबर १९७१ मध्ये केलेले होल्स्टचे 'प्लॅनेट्स' हेही डेक्काचेच ध्वनिमुद्रण. जर्मनीच्या स्पीकर्स कॉर्नरने त्याचा रीइश्यू काढला आहे. जुनी स्वच्छ प्रत मिळाली तर ती घ्या, नाही मिळाली तर हा रीइश्यू डोळे झाकून घेण्यासारखा आहे.

डॉइश ग्रामोफोन या जर्मन कंपनीच्या बाबतीत पारडे उलटे फिरते. त्यांची १९७० च्या दशकातली वादने अलौकिक, पण त्या वेळच्या एलपी अनेकदा कोरड्या आणि पातळ वाटतात. त्या दशकात चार वाहिन्यांच्या ध्वनीची लाट येणार म्हणून त्यांनी बरेच ध्वनिमुद्रण तसे करून ठेवले होते. ती लाट आली नाही, आणि एलपी निघाल्या त्या दोन ट्रॅकवर उतरवलेल्या प्रतीवरून. २०२३ पासून 'ओरिजिनल सोर्स' मालिकेत बर्लिनच्या एमिल बर्लिनर स्टुडिओत रायनर मायार्ड आणि सिडनी मायर हे दोघे इंजिनिअर त्या मूळ बहुट्रॅक टेप वाजवत, जागच्या जागी मिश्रण करत, सरळ लेथवर कोरतात. मधली एक आख्खी पिढी गळते. कारायान आणि बर्लिन फिलहार्मोनिकची १९७३ ची माहलर पाचवी सिम्फनी या मालिकेत ऐकली आणि तेच ध्वनिमुद्रण इतकी वर्षे अर्धवट ऐकत आलो असे वाटले. इथे जुन्या प्रतीवर पैसे घालवू नका.

आता स्टिकरांबद्दल. 'एएए' म्हणजे ध्वनिमुद्रण, मिश्रण आणि कटिंग या तिन्ही पायऱ्या अ‍ॅनालॉग. जुलै २०२२ मध्ये मोबाईल फिडेलिटीने मान्य केले की त्यांच्या अनेक नावाजलेल्या रेकॉर्डच्या कटिंगसाठी मास्टर टेपवरून आधी डीएसडी डिजिटल प्रत केली जात होती. ग्राहक चिडले, आणि चिडायलाच हवे होते, कारण स्रोत काय हे सांगणे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. पण त्याच रेकॉर्डचे वर्षानुवर्षे तोंड भरून कौतुक करणारेही हेच जाणकार कान होते, हे विसरून चालणार नाही. चांगल्या डिजिटल कन्व्हर्टरमधून गेलेली टेप संगीत गमावते असे मला ऐकू येत नाही. जिथे टेप वारंवार वाजवण्याच्या अवस्थेत राहिलेली नाही, तिथे एकदाच जपून केलेली डिजिटल प्रत हा प्रामाणिक मार्ग आहे. फक्त ते वेष्टनावर लिहिलेले असावे.

याबाबतीत फार थोड्यांना ठाऊक असलेली एक गोष्ट. कटिंग करताना लेथला पुढे किती मोठा आवाज येणार हे थोडे आधी कळावे लागते, तरच ती खाचांमधले अंतर कमीजास्त करू शकते. त्यासाठी टेप मशीनवर एक जास्तीचे 'प्रिव्ह्यू हेड' असायचे. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक स्टुडिओंनी ते काढून त्याजागी डिजिटल डिले, म्हणजे कोरायचा आवाज थोडा उशिरा लेथकडे सोडणारे यंत्र, बसवला. म्हणजे १९८० च्या दशकातल्या 'मूळ अ‍ॅनालॉग' समजल्या जाणाऱ्या कितीतरी एलपींच्या खाचेत पोहोचलेला आवाज आधी डिजिटलमधून गेलेला आहे. जुनी तारीख हा शुद्धतेचा पुरावा नाही, तो यासाठी. शिवाय डेक्काने व्हिएन्नाची १ जानेवारी १९७९ ची नववर्ष मैफल डिजिटलवर टिपली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत मोठ्या कंपन्या तिकडेच वळल्या. त्यानंतरच्या ध्वनिमुद्रणाच्या रीइश्यूवर 'अ‍ॅनालॉग' शब्द दिसला तर कटिंगची तारीख बाजूला ठेवा आणि ध्वनिमुद्रणाची तारीख शोधा.

'हाफ-स्पीड' हा शब्दही स्रोताबद्दल काही सांगत नाही. टेप किंवा फाइल आणि लेथ दोन्ही निम्म्या गतीने चालवतात, त्यामुळे वरच्या पट्टीतले स्वर कोरायला कटिंग हेडला सोपे जाते. हे एक तंत्र आहे, चांगल्या हातात चांगले. '१८० ग्रॅम' तर निव्वळ वजन. जाड रेकॉर्ड कमी वाकते, हातात भारदस्त लागते, पण खाच १२० ग्रॅमवरही तितकीच खोल असते.

स्टिकरवर नसलेला एक आकडा मी सर्वांत आधी पाहतो : एका बाजूला किती मिनिटे आहेत? ऑर्केस्ट्राच्या बाबतीत हे निर्णायक आहे. ३३⅓ गतीवर बाहेरच्या काठाशी खाच पिनखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर वेगाने सरकते, आणि लेबलजवळ हा वेग २१ सेंटिमीटरच उरतो. तीच माहिती निम्म्याहून कमी जागेत कोंबली जाते. त्यात सिम्फनीचा स्वभाव असा की शेवट सर्वांत दणदणीत. राव्हेलचे 'बोलेरो' ऐका. अगदी हलक्या ड्रमने सुरू होऊन ते शेवटच्या मिनिटात सारा वाद्यवृंद कोसळवते, म्हणजे सर्वांत मोठा आवाज सर्वांत अरुंद जागी. म्हणून ३० मिनिटांच्या बाजूपेक्षा १८ मिनिटांची बाजू नेहमी सुखाची. ४५ गतीच्या दोन रेकॉर्डच्या आवृत्तीत त्याच जागी वेग ३५ टक्क्यांनी वाढतो. मधे उठून बाजू उलटावी लागते आणि संगीताची सलगता मोडते, हे मात्र खरे. माहलरच्या संथ भागात तो खंड मला सोसवत नाही, म्हणून तिथे मी ३३ गतीच पसंत करतो.

प्रेसिंगबद्दल दोनच गोष्टी बोलतो. पहिली खरखर. रॉकमध्ये लपून जाणारी टिकटिक दूरच्या बासरीच्या पियानिस्सिमोत (अतिशय हळू वादनात) सुईसारखी टोचते. दुसरी मधल्या भोकाची. भोक नेमके मध्यावर नसेल तर स्वर हेलकावे खातो. अर्धा मिलिमीटर चूक असली तरी लेबलजवळ स्वर दोन्ही बाजूंना ०.८ टक्के सरकतो, आणि त्या दोन टोकांमधले अंतर एका प्रमाणश्रुतीपेक्षाही (श्रुतींमधल्या सर्वांत लहान अंतरापेक्षाही) मोठे भरते. तानपुऱ्यावर कान तयार झालेल्या माणसाला ओबोचा लांबलेला स्वर असा डोलताना ऐकवत नाही. वाजताना आर्म डावी-उजवीकडे झुलताना दिसला तर हाच दोष समजा. अशी प्रत महागड्या रीइश्यूमध्येही निघू शकते, आणि ती परतच करावी.

आता तुमची करकर. बाजूच्या शेवटी व्हायोलिन फाटतात हे लक्षण कार्ट्रिजच्या बसवणीचे आहे की रेकॉर्डचे, हे घरीच तपासता येते. दुसऱ्या कंपनीची, कमी मिनिटांची एखादी रेकॉर्ड लावा. तिथेही शेवटी करकर असेल तर प्रोट्रॅक्टर (कोन मोजायची पट्टी) घेऊन कार्ट्रिजची जागा आणि कोन पुन्हा जुळवा. कारखान्यातून बसवून आलेले कार्ट्रिज बरोबरच असते असे गृहीत धरू नका. आवाज एकाच स्पीकरमधून जास्त फाटत असेल तर अँटी-स्केटिंग (आर्मला आत ओढणारा जोर सावरणारी सोय) पाहा. पिनवर येणारा भार कार्ट्रिजच्या कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाकडे ठेवा. पिन फार हलकी ठेवल्यास रेकॉर्ड वाचते हा गैरसमज आहे, कारण खाचेत नीट न बसलेली पिन उड्या मारत जास्त इजा करते. हे सगळे करूनही त्रास उरला तर पिनचा आकार बघा. गोल टोकाची पिन आतल्या खाचांमधली बारीक वळणे वाचूच शकत नाही. लंबवर्तुळाकार बरी, शिबाटा किंवा मायक्रोलाइन या जास्त बारीक कडांच्या पिना आणखी चांगल्या. तुमच्या यंदाच्या पैशांतला मोठा वाटा चांगल्या पिनवर गेला तरी चालेल, कारण त्याचा फायदा घरातल्या प्रत्येक रेकॉर्डला होणार आहे.

पिन सुधारल्यावर एक वेगळीच तक्रार येऊ शकते, तिची आताच कल्पना देतो. दु प्रेचे एल्गार ऑगस्ट १९६५ मध्ये बार्बिरोलींच्या संचालनाखाली किंग्जवे हॉलमध्ये ध्वनिमुद्रित झाले. त्या सभागृहाखालून पिकॅडिली लाइनच्या भुयारी गाड्या जात, आणि तिथल्या अनेक ध्वनिमुद्रणांत शांत जागी ती दूरची घरघर उतरली आहे. खर्ज न कापलेल्या प्रतीत ती जास्त ऐकू येते. टर्नटेबलच्या मोटारीला दोष देऊ नका. ही रेकॉर्ड अफाट खपल्यामुळे पहिल्या आवृत्तीनंतरच्या एचएमव्हीच्या जुन्या प्रती सहज आणि रास्त भावात मिळतात. मी तुमच्या जागी असतो तर एल्गारसाठी तशीच एक स्वच्छ प्रत घेतली असती.

आपल्याकडे मुंबईच्या चोर बाजारात किंवा जुन्या पारशी आणि गोवेकर घरांतल्या संग्रहात दमदमच्या कारखान्यात दाबलेल्या एचएमव्हीच्या पाश्चात्य शास्त्रीय रेकॉर्ड निघतात. त्यांना कमी लेखू नका. मॅट्रिक्स क्रमांक इंग्लंडच्या प्रतीशी जुळला तर कटिंग तिथलेच आहे. व्हिनाइल थोडे खरखरीत असू शकते. मात्र उजेडात धरून पाहा. रेघोट्या नसूनही खाचांवर करडी, निस्तेज झाक असेल तर जड आर्मने ती झिजवली आहे, आणि ती झीज कुठल्याही धुण्याने जात नाही. पांढरे ठिपके असतील तर ती बुरशी. ती डिस्टिल्ड वॉटरने नीट धुतल्यावर बहुधा निघते. जुने कागदी आतले कव्हर मात्र टाकूनच द्या, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात बुरशी तिथूनच परत येते.

म्हणून माझा क्रम असा : आधी कार्ट्रिजची बसवणी आणि पिन. मग अ‍ॅनालॉग प्रॉडक्शन्सची रायनर 'शेहेरझाद'. एल्गारची जुनी एचएमव्ही. पैसे उरले तर 'ओरिजिनल सोर्स'मधली एखादी कारायान किंवा डेक्काची नंतरच्या लेबलची, वाद्यवृंदसंचालक आन्सर्मे यांची एखादी रेकॉर्ड. परदेशातून मागवणार असाल तर वाहतूक आणि कर धरूनच हिशेब करा, आणि दोन-तीन रेकॉर्ड एकत्र मागवा. नवी रेकॉर्डही आधी धुवा. मग पार्सल आल्याच्या आठवड्यातच दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐका, खास करून लेबलजवळची शेवटची पाच मिनिटे. भोकाचा दोष आणि टिकटिक तिथेच सापडते, आणि विकणाऱ्याची परतीची मुदत तोवर संपलेली नसते.